तुला माहीत होतं, दादा

प्रिय दादा,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. सईजवळ हे थांबले, मी एकटी आले. पानावर बसले, जेवले, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि दुपारच्या एसटीने अकोल्याला परतले. निघताना तुझ्या निखिलने पायऱ्यांवर गाठलं. "आत्या, बाबांवर एक स्मरणिका काढून राहिलो. तू तर मराठीची मास्तरीण. एक पान लिहून दे न!"

मास्तरीण! ती नोकरी सोडून मला बारा वर्षं झाली, हे तुझ्या मुलाला माहीत नाही. कोणाच्या सांगण्यावरून सोडली, ते तर नाहीच.

कालपासून लिहायला बसते आहे. 'वऱ्हाडातल्या हजारो लेकरांना ज्यांनी बरं केलं' असं एक वाक्य लिहिलं. त्यात खोटं काहीच नाही. लेकरांचा डॉक्टर म्हणून तू होतासच तसा. तरी पुढचं वाक्य काही येईना. मग तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला. जे छापता येणार नाही ते तुलाच लिहिते. त्यातून परवा तुझ्या घरी मी एक गोष्ट पाहिली आणि तोंड मिटून परत आले. ती तुझ्याशिवाय कोणापुढे काढू? पण त्यासाठी आधी आपलं जुनं सगळं काढावं लागेल. ऐकून घे. जिवंतपणी फार ऐकलं नाहीस.

तुला तो विंचू आठवतो? बाबा तेव्हा शेंदूरजनाघाटच्या शाळेत मास्तर होते. मी सात वर्षांची, तू सोळाचा. संत्र्याच्या पेट्यांत भरायच्या गवतात मी हात घातला आणि विंचू चावला. तू मला सायकलच्या दांडीवर बसवलंस आणि दवाखाना येईपर्यंत एकच म्हणत राहिलास, "मुंगी होय, नंदे. मोठी मुंगी. काही नाही होत." मी कळवळून रडत होते, पण घाबरले नाही. तो विंचू होता हे आईने मला आठ दिवसांनी सांगितलं. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं, की दादा जे सांगेल ते माझ्या भल्यासाठीच.

त्या विश्वासाचं तू काय केलंस रे!

सई झाली ती माझ्या लग्नानंतर नऊ वर्षांनी. त्याआधी दोनदा पोटातलं गेलं होतं आणि दोन्ही वेळा तू अमरावतीहून धावत आला होतास. सईला पहिल्यांदा हातात घेतलं तेही तूच. तिच्या हातापायांची बोटं मोजलीस आणि म्हणालास, "वीसच्या वीस हायेत, नंदे. झोप आता निवांत."

सव्वा वर्षाची असताना ती 'मम' म्हणायची, 'काऊ' म्हणायची, यांची स्कूटर वाजली की 'बाबा' म्हणून दाराकडे धावायची. दीड वर्षानंतर एकेक शब्द गळत गेला. कोणता आधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. हाक मारली तर बघेना. कूलर लावला की कान दाबून भिंतीला डोकं टेकवायची, म्हणून तो आख्खा उन्हाळा आम्ही अकोल्यात कूलरशिवाय काढला. संत्र्याच्या साली एका ओळीत मांडत बसायची. त्या ओळीला कोणाचा पाय लागला, की जमिनीवर डोकं आपटायची.

मी तिला घेऊन तुझ्याकडे आले. बाहेर बाकांवर बसायला जागा नव्हती, तू आम्हाला मधूनच आत बोलावलंस. तिच्या मागे टाळी वाजवलीस. खुळखुळा दाखवून लपवलास. तिच्या नावाने हाका मारल्यास. ती खाली वाकून तुझ्या खुर्चीची चाकं बघत होती, बोटाने एक चाक फिरवत होती. तू किती तरी वेळ त्या चाकाकडेच बघत राहिलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मग तू हसलास.

"आपल्या घरात सगळे उशिराच बोलतात. बाबा साडेतीन वर्षांचे झाल्यावर बोलले, आजी सांगे न? कान बरोबर हायेत हिचे. तू दिवसभर शाळेत, अन् हे पोरगी सांभाळणाऱ्या बाईजवळ गप्प. हिच्याशी बोलत जाय. खूप बोल. बोलेल."

त्या एका वाक्यात तू मला आशाही दिलीस आणि दोषही दिलास. दोन्ही खोटे.

महिन्याभरात मी राजीनामा दिला. पुढची चार वर्षं बोलत राहिले. "ही पोळी. गोल पोळी. आई पोळी लाटते. सई पोळी खाते." कणिक मळताना बोलले, कपडे वाळत घालताना बोलले, तिला न्हाऊ घालताना बोलले. घसा बसायचा, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचे आणि पुन्हा सुरू. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माय नोकरीवर गेली, म्हणून पोट्टी मुकी राहिली." मी उलट बोलायचे नाही. कशी बोलणार? माझा सख्खा भाऊ, एवढा डॉक्टर, तोही तेच म्हणाला होता ना?

दर सहा महिन्यांनी तुझ्याकडे यायचे. तू तिची उंची घ्यायचास, वजन करायचास आणि टॉनिक लिहून द्यायचास. "थांब थोडी, नंदे." मी थांबले. टॉनिक पाजत थांबले!

सई सहा वर्षांची झाल्यावर तिला शाळेत घातलं. दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. त्यांनी आधी दार लावलं, मला पाणी दिलं. "ताई, राग मानू नका. हिला यातल्या जाणकाराला दाखवा. माझ्या बहिणीचा मुलगा असाच आहे, म्हणून माझ्या लक्षात आलं." दोन दिवसांची ओळख नसलेल्या बाईला जे जमलं, दादा, ते तुला चार वर्षांत जमलं नाही.

मग अकोल्यातल्या अशा मुलांच्या केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा लहान. तासभर सईबरोबर सतरंजीवर बसल्या, आमच्याशी बोलल्या, आणि स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "सईला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. आधी कोणीच सांगितलं नाही?"

"माझा भाऊ लेकरांचाच डॉक्टर आहे," मी म्हणाले.

त्या हातातले कागद उगाच सारखे करत राहिल्या.

मी विचारत सुटले. मी नोकरी करत होते म्हणून का? नाही. टीव्ही बघायची म्हणून? नाही. ती पोटात असताना मी ग्रहण पाहिलं होतं, म्हणून? "नाही हो ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही काहीच केलेलं नाही." आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. गर्भात मेंदू घडतो तेव्हा त्यातल्या पेशी एकमेकींना शोधत जातात आणि त्यांच्यात तारांसारखे दुवे जुळतात. ऐकण्याचा भाग बोलण्याच्या भागाशी जोडला जातो, चेहरा ओळखण्याचा भाग आनंदाच्या भागाशी. जन्मल्यावर पहिली काही वर्षं गरजेपेक्षा जास्त दुवे असतात. वापरातले पक्के होतात, बाकीचे हळूहळू गळतात. काही लेकरांत ही जुळणीच वेगळी होते. कुठे जवळजवळच्या दुव्यांची दाटी, कुठे लांबचे दुवे कच्चे. एखादी गोष्ट पुढे जाऊ द्यायची की अडवायची, याचा तोल बिघडतो. म्हणून कूलरची घरघर तिला डोक्यात कोणी गिरणी चालवल्यासारखी लागते, आणि आईची हाक त्या गोंगाटात एक आवाज होऊन जाते. बरंचसं हे रक्तातून येतं. सगळं अजून विज्ञानालाही कळलेलं नाही. पण आईच्या बोलण्या-न बोलण्याने हे होत नाही, एवढं नक्की कळलेलं आहे.

मी तिथेच रडले. दुःखाने नाही, दादा. चार वर्षं माझ्या मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं म्हणून. पोरीला आयुष्यभराचं दुखणं सांगितलं आणि आईला हलकं वाटलं! असं हलकं वाटायची वेळ तू माझ्यावर आणलीस.

घरी येऊन पहिला फोन तुलाच केला. तू म्हणालास, "अच्छा? असं म्हणल्या त्या? आजकाल हे लोक लवकर शिक्के मारून देतात. पण थेरपी करून पाहा. नुकसान तर नाही."

आश्चर्य वाटल्यासारखा बोललास तू! "अच्छा?" म्हणताना आवाज कसा वर नेला होतास!

मग दोन वर्षांनी शोभाताई भेटल्या. तू विसरला नसशील त्यांना. अंजनगाव सुर्जीकडच्या, घरची ओलिताची शेती. त्यांची वैष्णवी आमच्या सईएवढीच, आठ वर्षांची. केंद्राच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. वैष्णवी आतून आली आणि म्हणाली, "आई, बिस्किट दे. दोन दे." आवाज थोडा सपाट, नजर भिंतीकडे. पण बोलली! मी त्या पोरीकडे बघतच राहिले. "कधीपासून येता इथे?" मी विचारलं.

"हे होती दोन वर्षाची तईपासून, ताई. आमाले अमरावतीच्या डाक्टरसायबांनं पयल्याच खेपेले सांगतलं." आणि त्यांनी तुझं नाव घेतलं.

मी म्हटलं, काय सांगितलं?

"आमाले कुठं समजते यातलं? त्याईनं आमच्या मालकाले इचारलं, वावरात पाटानं पानी देता का? हो म्हनले. मंग म्हनले, तुमच्या पोरीच्या डोक्यात पानी कमी नाई, भाऊ. पाट दुसऱ्या वाटेनं गेले. कुठं पानी साचते, कुठं कोरडं राह्यते. यात तुमचा बी दोष नाई अन् पोरीच्या मायचा बी नाई. पन लहानपनी माती वली असते, नवे पाट काढता येतात. थांबू नोका, आजच अकोल्याले जा. देवमानूस, ताई. माह्या सासूले बी बोलावून सांगतलं, सुनेले बोल लावू नोका म्हनून."

देवमाणूस!

दादा, इतकं सुंदर तुला सांगता येत होतं. त्या अनोळखी माणसाला त्याच्या वावरातला पाट दाखवून तू सगळा मेंदू समजावलास. त्याच्या बायकोच्या सासूलासुद्धा बोलावलंस! आणि माझ्या सासूने माझं काय केलं ते तू डोळ्यांनी पाहत होतास. त्या दोघी तुझ्याकडे आल्या ते वर्षही मी विचारून घेतलं. मी सईला पहिल्यांदा आणलं तेच वर्ष. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून तू त्यांना "थांबू नका" म्हणालास आणि मला "थांब" म्हणालास.

पुढच्या रविवारी मी अमरावतीला आले. वहिनी देवळात गेल्या होत्या. तू अंगणात पेपर वाचत होतास.

"अंजनगावच्या शोभाताईंच्या पोरीचं तुले पहिल्या खेपेत समजलं," मी उभ्यानेच म्हणाले. "अन् माह्या पोरीचं समजलं नाही?"

तू पेपरची घडी घातलीस. चष्मा काढलास. "समजलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. तिनं खुर्चीचं चाक फिरवलं तेव्हाच."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"नऊ वर्षांनी झालेली पोरगी, नंदे. तू माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती. माह्याच्यानं बोलणंच झालं नाही."

"अन् त्याच्या पुढच्या खेपेले? त्याच्या पुढच्या?"

"प्रत्येक वेळी ठरवत होतो. मंग वाटे, आता सांगितलं तर तू म्हणशील, आधी काहून नाही सांगितलं. दिवस जात गेले तसं अजून कठीण होत गेलं."

मला तो विंचू तेव्हा आठवला. तेव्हाही तू खोटंच बोलला होतास. पण दादा, तेव्हा खोटं बोलत बोलत तू सायकल दवाखान्याकडे हाणत होतास! या वेळी तू मला नुसतं दांडीवर बसवून ठेवलंस आणि सायकल जागची हलवली नाहीस.

"वैष्णवी बोलते," मी म्हणाले. तू खाली बघितलंस.

मी डॉक्टरबाईंना नंतर विचारलं होतं. चार वर्षं आधी आणलं असतं तर सई बोलली असती का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. प्रत्येक मुलाची जुळणी वेगळी. लवकर आलेलीही काही मुलं बोलत नाहीत. पण डोकं आपटणं, खाण्यापिण्याचे हाल, ते नक्कीच लवकर कमी झालं असतं." म्हणजे मला पक्का राग धरायलाही जागा नाही ठेवलीत तुम्ही कोणी. 'बोलली असती' असं ठाम म्हणता आलं असतं, तर एकदाच काय ते भांडून मोकळी झाले असते. आता ते 'सांगता येत नाही' घेऊन जगायचं.

त्या वर्षापासून मी भाऊबीजेला आले नाही. तूही बोलावलं नाहीस.

चार वर्षांपूर्वी निखिलचं लग्न ठरलं. वहिनींचा फोन आला. "नंदाताई, सईले बँडचा आवाज सहन नाही होत न? तिले नका आणू बाप्पा. नागपूरकडची माणसं, उगा विचारत बसतील." मी विचारलं, त्यांना सईबद्दल काय सांगितलंय? "थोडी लाजाळू आहे म्हणून." मी म्हटलं, फोन दादाला द्या. तू फोन घेतलास आणि म्हणालास, "सोड न, नंदे. लग्नाचं काम आहे."

त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली. माझं मन दुखेल म्हणून तू गप्प होतास, की आपल्या घराण्यात 'असं' आहे हे कोणाला कळू नये म्हणून? खरं सांग. की तुझं तुलाच माहीत नव्हतं?

तू एकदा अकोल्याला आलास, तेही लिहिते. दोन वर्षं झाली. न कळवता आलास, संत्र्याची थैली घेऊन. सईजवळ फरशीवर बसलास. संत्रं सोलून तिच्या पुढ्यात सालीचे तुकडे ठेवत गेलास, तीही मांडत गेली. ओळ कशी धरायची ते तुला बरोबर कळलं होतं. तासभर तुम्ही दोघांनी भिंतीपर्यंत ओळ नेली. सई तुझ्या हाताला धरून पुढचा तुकडा मागत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाट पाहत होते, की आता हा 'नंदे, मी चुकलो' म्हणेल. मी चहासुद्धा दोनदा केला. जाताना चपला घालत तू म्हणालास, "पोरीचं वजन बरं आहे."

वजन!

त्यानंतर फोन आला तो निखिलचाच. दवाखान्यात, दुपारी, एका लेकराच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला असताना तू खुर्चीतच कलंडलास. माझ्याशी बोलायचं राहून गेलं, असं सगळे म्हणतात. राहून गेलं नाही, दादा. तू ठेवलंस.

आता परवाचं सांगते.

निखिल आणि प्राची पुण्याहून रेवाला घेऊन आले होते. तुझी नात आता वीस महिन्यांची आहे. मी तिला नीट पाहिली ती परवाच. आत भटजींचं चाललं होतं, म्हणून आम्ही बायका मागच्या खोलीत होतो. रेवा कोपऱ्यात स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होती. थांबलं की पुन्हा. थांबलं की पुन्हा. प्राचीने हाक मारली, "रेवा! रेवुडी!" मान वळली नाही. मी जवळ जाऊन बसले, हात पुढे केला. तिने माझं मनगट धरून माझा हात झाकणावर नेऊन ठेवला, मी ते फिरवावं म्हणून. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. माझा हात म्हणजे जणू एखादी पक्कड. पलीकडे कोणी बिस्किटाचा पुडा फोडला, तशी ती धावत गेली. कान चांगले आहेत तिचे.



"दिवाळीत 'पाणी' म्हणत होती," प्राची म्हणाली, "आजोबांच्या फोटोला 'दादू' म्हणत होती. आता काहीच म्हणत नाही. मी ऑफिसला जायला लागले ना, म्हणून असेल. मी सोडू का नोकरी, असा विचार करते आहे."

वहिनी पटकन म्हणाल्या, "यांच्या घरात सगळे उशिराच बोलतात."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी नजर काढून घेतली. त्यांना कळलेलं आहे, दादा. त्यांनी एक नात सांभाळली नसेल, पण एक भाची पाहिलेली आहे.

आणि मग त्या पोरीने मला सरळ विचारलं. किती विश्वासाने विचारलं! "आत्या, सईपण उशिरा बोलायला लागली ना? कितव्या वर्षी बोलली?"

मी काय म्हणाले माहीत आहे?

मी म्हणाले, "हो. उशिराच."

माझी सई चौदा वर्षांची आहे. चित्रांची वही घेऊन हिंडते, पाण्याच्या चित्रावर बोट ठेवते, कान झाकायचे हेडफोन स्वतः काढून आणते, केंद्रात बसून कागदाची पाकिटं करते, आणि ते पहिले शब्द गळाले त्यानंतर तिने तोंडाने एक शब्द उच्चारलेला नाही. आणि तिच्या आईने परवा भरल्या घरात सांगितलं, की ती उशिरा बोलली! मी माझ्या पोरीला खोटं पाडलं. एका आईला नोकरी सोडायच्या वाटेवर लावून दिलं. तेही तुझ्याच घरात, तुझ्याच वाक्याने.

घरात चाळीस माणसं होती. वर्षश्राद्धाचा दिवस होता. निखिलला वाटलं असतं, आत्या जुना डूख काढते आहे. प्राची माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझ्याच्याने बोलणंच झालं नाही.

बघ, मी तुझेच शब्द लिहिले. म्हणजे आता मला तुझं कळलं, असं समजू नकोस. कळलं तेवढं कळलं. पण म्हणून माफ झालं असंही नाही. मूर्तिजापूरपर्यंत एसटीत मी तुझ्यावर चिडले होते. पुढे अकोला येईपर्यंत स्वतःवर. तू मला हे शिकवून गेलास, दादा. प्रेमाने गप्प कसं बसायचं ते.

सोमवारी ते पुण्याला जाताहेत. आज शनिवार. यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "फोनवर नको सांगू. आणि एकटी जाऊ नको, सईला ने. मी गाडी काढतो."

तर ऐक. उद्या सकाळी मी सईला घेऊन तुझ्या घरी येते आहे. प्राचीच्या समोर तिला बसवणार आहे. सांगणार आहे, की ही सई, ती लाजाळू नाही, तिला ऑटिझम आहे आणि ती बोलत नाही. रेवाचं मला नक्की माहीत नाही, मी डॉक्टर नाही. पण मी जे पाहिलं ते मी आधी पाहिलेलं आहे. पुण्याला गेल्या गेल्या तिला दाखव. काही नसलं तर मला शिव्या घाल, मी आनंदाने ऐकेन. असलं तर तो तुझा दोष नाही, तू नोकरी सोडू नकोस, आणि एक दिवसही थांबू नकोस.

वहिनी कदाचित मला घरातून जा म्हणतील. निखिलही म्हणेल. म्हणू दे.

प्राची एक प्रश्न विचारेल, तो मला आताच ऐकू येतो आहे. "आत्या, परवा का नाही सांगितलं?" त्याचं उत्तर मी ठरवून ठेवलं आहे. तुझं नाव घेणार नाही, घराण्याचं घेणार नाही, 'तुझं मन दुखू नये म्हणून' असंही तिला म्हणणार नाही. मी भ्याले होते आणि खोटं बोलले, माझं चुकलं, असं तिच्या डोळ्यांत बघून सांगेन. एवढं वचन देते.

तुझी,
नंदा